पत्रास कारण डावी पोटरी

४ जानेवारी

शेपूट,

पत्रास कारण डावी पोटरी.

खुशाली विचारत नाही. नऊ वर्षं विचारली नाही, आज एकदम विचारली तर तुला वाटेल ताई मरायला टेकली. तसं काही नाही. मी एकाहत्तर वर्षांची आहे, डोळे-कान शाबूत आहेत, आणि शाळा सोडून तेरा वर्षं झाली तरी रस्त्यात कुणी गलका केला की माझा हात खडू शोधतो. फक्त डावा पाय ऐकत नाही.

गेले सहा महिने बाजाराच्या रस्त्यावर दीडशे पावलं झाली की डाव्या पोटरीत कुणीतरी पाना लावून पिळल्यासारखं दुखतं. थांबलं की दोन-तीन मिनिटांत जातं, काही झालंच नव्हतं असं. पुन्हा निघालं की दीडशे पावलांवर हजर. इतकं वक्तशीर दुखणं मी पाहिलेलं नाही.

आता मी भर रस्त्यात उभी राहणार? त्या बाजारातल्या निम्म्या बायकांना मी शास्त्र शिकवलं आहे. तेव्हा मी दुकानं बघायला लागले. माझं दीडशेवं पाऊल कवळ्या बनवणाऱ्याच्या दुकानापाशी पडतं. काचेमागे गुलाबी हिरड्यांचे बारा जबडे ओळीने हसत असतात. मी रोज त्यांच्यासमोर उभी राहते, चेहऱ्यावर विचार करत असल्याचा भाव आणून.

परवा तो कवळीवाला बाहेर आला.

"बाई, कधीपासून बघतोय. रोज येता, बघता, जाता. लाजायचं काय त्यात? या आत. वरची हवी की खालची?"

"माझे दात माझेच आहेत."

"सगळेच असं म्हणतात हो."

मी त्याला दात दाखवले. भर रस्त्यात, ओठ वर करून. तो खजील झाला. मग म्हणाला, "मग एवढं बघता तरी काय?"

आणि तिथे, त्या बारा जबड्यांसमोर, माझ्या डोक्यात एक प्रश्न आला. तो तुलाच विचारायचा आहे, म्हणून हे पत्र.

तू त्या दिवशी चष्म्याच्या दुकानात काय बघत होतीस?

ताई


२३ जानेवारी

शेपूट,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं मी गृहीत धरलेलं नव्हतं.

डॉक्टरांकडे गेले. त्यांनी दंडाचा रक्तदाब घेतला आणि मग घोट्याचा. दोन्ही साधारण सारखे हवेत. माझा डाव्या घोट्याचा दाब दंडाच्या दाबाच्या सहा दशांश भरला. शंभरपैकी साठ. मी म्हटलं, "पास आहे." ते म्हणाले, "बाई, हा पेपर असा तपासत नाहीत." पायाला रक्त नेणाऱ्या नळ्या आतून थर साचून अरुंद झाल्यात. बसलं की पुरतं, चाललं की पुरत नाही. साखरही निघाली. मला, शेपूट! आयुष्यभर चहात अर्धा चमचा घालणारीला. गोळ्या दिल्या आणि म्हणाले, औषधाइतकंच महत्त्वाचं म्हणजे चालायचं.

त्यांनी मला वैद्यकीय कॉलेजात पाठवलं. तिथे म्हाताऱ्यांच्या पायांतलं रक्त आणि स्नायूंची ताकद यावर अभ्यास चालू आहे. बारा आठवडे, आठवड्यातून तीनदा तिथे व्यायाम, आणि रोजचं चालणं आपापलं, वहीत नोंदवून. आम्ही बाराजण आहोत. एक निवृत्त बसचालक आहे, तो म्हणतो, "जन्मभर मी लोकांना थांब्यावर उतरवलं, आता माझे पाय मलाच उतरवतात."

आमची फिजिओ चाळिशीची, ठेंगणी, बुटांचा करकर आवाज करणारी बाई आहे. ती कुणाला 'आजी' म्हणत नाही, हे मला आवडलं. पहिल्या दिवशी तिने तीस मीटरच्या व्हरांड्यात सहा मिनिटं चालायला लावलं. दोनशे बासष्ट मीटर. मध्ये तीनदा थांबावं लागलं. बसचालक तीनशेवर गेला.

मग मला बसवून पोटरीला लाल दिवा असलेला पट्टा बांधला. टाचा उचला, टेकवा, उचला, टेकवा. तो दिवा कातडीतून आत बघतो आणि स्नायूत प्राणवायू किती उरला ते पडद्यावर रेघेने दाखवतो. काम केलं की रेघ खाली जाते. थांबलं की वर येते. माझी वर यायला चौऱ्याण्णव सेकंद लागले.

फिजिओ समजावू लागली. "नुसत्या नळ्यांचा दोष नाही, बाई. स्नायूंच्या पेशींत अगदी बारीक बारीक—"

"तंतुकणिका," मी म्हटलं. "पेशीचे ऊर्जाकेंद्र. अन्न आणि प्राणवायू घेऊन ऊर्जा तयार करतात."

एकतीस वर्षं मी फळ्यावर ते शेंगेसारखं चित्र काढलं, आत नागमोडी रेघ काढली, पोरींना नावं द्यायला लावली. ती शेंग माझ्याही पोटरीत आहे हे एकदाही मनात आलं नाही. आता ती मंदावली आहे म्हणे. रक्त कमी, काम कमी, म्हणून तीही आळसावली. चालवलं तर पुन्हा जोर धरते, या वयातसुद्धा. हे पुस्तकात नव्हतं.

तर रोजच्या नोंदी मी चोख ठेवते आहे. काल बागेत सलग नऊ मिनिटं चालले. एकदाही थांबले नाही.

ताई


१६ फेब्रुवारी

शेपूट,

तुझं कार्ड मिळालं. नऊ वर्षांनी दोन शब्द: 'थांबतेस का?'

खाली सहीसुद्धा नाही. अक्षर अजून तसंच, डावीकडे कललेलं. 'थ' मात्र आता 'ठ'सारखा काढत नाहीस, बरं झालं.

मी ते कार्ड दिवसभर टेबलावर उलटं ठेवलं होतं. आता लिहिते, आणि एकदाच लिहिते.

नाही, थांबत नव्हते. आणि नोंदी चोख नव्हत्या.

फिजिओने सांगितलं होतं: चाला. चांगलंच दुखायला लागलं की थांबा. दुखणं पूर्ण जाऊ द्या. मग पुन्हा चाला. असं अर्धा-पाऊण तास. वहीत दोन रकाने होते, 'चाललो' आणि 'थांबलो'. दुसरा रकाना मी कोराच ठेवायची. दातांवर दात आवळून, पाय ओढत, बागेच्या कठड्याला धरत चालायची, आणि पोटरी दगड झाली की बसने घरी. उरलेला दिवस पाय उशीवर. वहीत मात्र: सलग नऊ, सलग दहा, सलग अकरा.

वर्गात असो की घरी, थांबणाऱ्याला मी काय म्हणायची, तुला ठाऊक आहे: 'चल, लोक बघतात.' ते ऐकत तू मोठी झालीस.

चौथ्या आठवड्यात पुन्हा मोजलं. बसचालक वर गेला, एक शिंपीणबाई वर गेली. मी दोनशे अठ्ठावन्न. चार मीटरने मागे. आयुष्यात पहिल्यांदा मी वर्गात शेवटची आले.

फिजिओने वही चाळली. बूट करकरवत एक फेरी मारली आणि समोर येऊन बसली.

"बाई, हा रकाना कोरा का?"

"गरज पडली नाही."

"खोटं बोलता तुम्ही." असं, तोंडावर! मला! "अकरा मिनिटं चालून घरी जाता. मला अकरा मिनिटांची शूर बाई नकोय. मला सहा वेळा थांबून सातव्यांदा उठणारी बाई हवीय. थांबता तेव्हा रक्त पोहोचतं, स्नायू सावरतो, म्हणून तर पुन्हा चालवता येतो. थांबणं हा तुमचा नापासाचा शेरा नाहीये, तो निम्मा धडा आहे. तोच तुम्ही गाळताय."

बसचालक मागून म्हणाला, "बाई, गाडी थांब्यावर थांबली नाही तर माणसं चढणार कुठून?"

सगळे हसले. मी हसले नाही. पण घरी आले तर दारात तुझं कार्ड.

सांग, तुला कसं कळलं? मी पत्रात 'एकदाही थांबले नाही' लिहिलं म्हणून? की मी तुझी ताई आहे म्हणून?

आज बागेत पाच वेळा थांबले. पाचही वेळा काहीही न बघता, नुसती उभी. एकाने विचारलं, "काही हरवलंय का?" मी म्हटलं, "नाही, पोटरी दुखतेय." तो म्हणाला, "अच्छा," आणि गेला. एवढंच. आभाळ कोसळलं नाही. एकूण चौतीस मिनिटं चालले.

ताई


९ मार्च

शेपूट,

तुझ्या लेकीचा फोन आला होता. तिला रागावू नकोस. तिने चोरून केला.

"मावशी, तू आईला काय लिहितेस? पत्रं उशीखाली ठेवते, मला हात लावू देत नाही. काल एकटीच हसत होती. कवळी कवळी करत होती."

मग बाकीचं सांगितलं. तुझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याची जखम भरायला पाच महिने लागले. डॉक्टर म्हणाले, या वेळी भरली, पुढच्या वेळी भरेलच असं नाही; आता तरी चाला. आणि तू वर्षभर घराची चढण उतरून खाली आलेली नाहीस. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतसुद्धा नाही. "म्हणते, मध्ये थांबावं लागतं, लोक बघतात."

हे वाक्य कुठून आलं, ते मला माहीत आहे. मीच ते तुझ्यात घातलं. पोरींकडून पाढे म्हणवून घेतात तसं, घोकवून घोकवून.

शाळेच्या वाटेवर तू मागे राहायचीस म्हणून मी तुला शेपूट म्हटलं. आई दारातून ओरडायची, "थांब गं तिच्यासाठी!" आणि मी पाऊल वाढवायची.

आता तो दिवस. तू काही विचारलेलं नाहीस, पण मी सांगणार आहे, कारण एक गोष्ट तुला माहीत नाही.

सकाळी दवाखान्यातून निरोप आला, दोघी मिळून गेलो. बसमधून उतरलो आणि मी सुटले. आवारापर्यंतची ती लांब गल्ली, दोन्ही बाजूंना दुकानं. एकदा वळून बघितलं तर तू औषधांच्या दुकानापुढे. पुन्हा बघितलं तर चष्म्याच्या दुकानापुढे, काचेला हात टेकवून. मला वाटलं, आई मरते आहे आणि ही फ्रेमा बघते आहे. मी तुला हाकसुद्धा मारली नाही.

तू आलीस तेव्हा सात मिनिटं उशीर झाला होता, आई गेली होती. वॉर्डाच्या दारात, भाऊबंदांसमोर, नर्ससमोर, मी म्हटलं, "झाली दुकानं बघून?" आणि वर म्हटलं, तुझ्या दारात आयुष्यात पाय ठेवणार नाही.

पाय दुखत होता असं का नाही सांगितलंस, हे मी आता विचारणार नाही. मी कवळ्यांच्या दुकानापुढे सहा महिने उभी होते, मला उत्तर माहीत आहे. मला सांगण्यापेक्षा फ्रेमा बघणं सोपं होतं.

तुला माहीत नाही ते हे. मी पोहोचले तेव्हा आई शुद्धीवर होती. डोळे उघडून म्हणाली, "धाकटी कुठाय?" मी म्हटलं, "येतेय मागून." ती म्हणाली, "थांब तिच्यासाठी." तेच तिचे शेवटचे शब्द. मला वाटलं भ्रमात बोलते आहे. सात मिनिटांनी तू आलीस आणि मी तुला जे ऐकवलं, ते ऐकवलं.

नऊ वर्षं हे मी कुणाला सांगितलं नाही. रागामुळे नव्हे, लाजेने. शाळेतल्या कुठल्याही पोरीने अशी चूक केली असती तर मी तिला सबंध वर्गापुढे उभी करून माफी मागायला लावली असती.

मी चुकले. माफ कर.

आता पोटरीचं. दहा दिवसांपासून बागेतला चढ घेते आहे. फिजिओ म्हणाली, "सपाट रस्ता सोडून चढ कशाला, बाई?" मी म्हटलं, "कामासाठी." तुझ्या लेकीने तुमच्या चढणीची पावलं मोजून सांगितली आहेत. सहाशे दहा.

ताई


१५ एप्रिल

शेपूट!

तीनशे अडतीस मीटर!

सहा मिनिटं, तीस मीटरचा व्हरांडा, अकरा फेऱ्या आणि वर आठ मीटर. मध्ये एकदाही थांबावं लागलं नाही. खरं सांगते, वही साक्षीला आहे आणि फिजिओ आहे. शेवटच्या मिनिटाला दुखायला लागलं, पण ते दारातून बोलावणं, पहिल्यासारखं मानगूट धरणं नाही. बसचालक तीनशे तेहतीस. पाच मीटर, शेपूट! तो म्हणाला, "बाई, तुम्ही ओव्हरटेक केलंत ते चुकीच्या बाजूने." मी म्हटलं, "हॉर्न द्यायला विसरले."

मग पट्टा बांधला. टाचा वर, खाली, वर, खाली. फिजिओ म्हणाली, "थांबा," आणि आम्ही दोघी त्या लाल रेघेकडे बघत बसलो. ती खाली गेली, तिथे घुटमळली, आणि उठली. अशी उठली, जशी घंटा झाली की पोरी उठतात. एकसष्ट सेकंद!

"तुमच्या तंतुकणिका कामाला लागल्यात," फिजिओ म्हणाली. नळ्या रुंद झालेल्या नाहीत हो. घोट्याचा दाब जवळपास तेवढाच आहे, एखादा गुण वर. पण आलेल्या रक्ताचं काय करायचं, ते आतल्या त्या शेंगांना आता जमायला लागलं आहे. एकाहत्तराव्या वर्षी माझ्या पोटरीने नवं शिकून घेतलं. मला वर्गात जाऊन हे फळ्यावर लिहावंसं वाटलं. वर्ग नाही, म्हणून घरी येताना कवळीवाल्याला सांगितलं. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे आता तुम्ही येणार नाही इथे?"

येईन म्हटलं. कधीतरी थांबेन.

पुढची बाराजणांची तुकडी मे महिन्यात सुरू होते. एक जागा आहे. अंगठ्याची जखम पूर्ण भरली असेल आणि तुझ्या डॉक्टरांनी हो म्हटलं तरच घेतात. मी तुझं नाव दिलेलं नाही. हात शिवशिवत होता, पण दिलं नाही. तुला विचारल्याशिवाय देणार नाही. हेही बारा आठवड्यांत शिकले असं समज.

तुझं दुसरं कार्ड पोहोचलं. 'माझ्या दुकानात चाळीस फ्रेमा होत्या. सगळ्या पाठ झाल्या.' वाचून मी हसले आणि मग बराच वेळ हसत नव्हते. 'ताई' असं लिहून तू पुढचं खोडलं आहेस. काय होतं ते उजेडाशी धरून बघितलं, वाचता आलं नाही. भेटीत सांग.

ताई


१९ एप्रिल, सकाळ

शेपूट,

या पाकिटावर तिकीट नाही, ते तुझ्या लक्षात आलं असेल. दाराखालून सरकवलं आहे.

चढणीच्या पायथ्याशी पावणेआठला बसमधून उतरले. लेक म्हणाली होती, मावशी, मी गाडी घेऊन येते. मी म्हटलं, तू आलीस तर मी परत जाईन. सहाशे दहा पावलं. ती नेमकी मोजते, पोरगी तुझ्यावर गेली नाही.

तीनदा थांबले. पहिल्यांदा दोनशे पस्तीसवर, एका घराच्या कठड्यावर बसून. आतून बाईने विचारलं, "कुणाकडे जायचंय?" मी म्हटलं, "वरती, धाकट्या बहिणीकडे. पाय थकला, जरा थांबते." तिने पाणी आणून दिलं. म्हणाली, "त्या? पूर्वी त्या पण इथेच थांबायच्या. माझ्या कुंड्या बघत." म्हणजे तुझं दुसरं दुकान तेच. कुंड्यांतली तांबडी फुलं वाईट नाहीत.

दुसऱ्यांदा चारशे दहावर, विजेच्या खांबाला टेकून. तिसऱ्यांदा पाचशे ऐंशीवर. तिथून तुझं दार दिसत होतं आणि पोटरीही म्हणत होती, जाऊ दे, जेमतेम तीस तर उरलीत. पण दुखणं पूर्ण जाऊ दिलं. नियम म्हणजे नियम. मग निघाले, आणि ती तीस पावलं मी अशी चालले की तू बघितली असतीस तर म्हणाली असतीस, ही बाई अजून कुणालातरी शिक्षा करायला निघाली आहे.

आता तुझ्या पायपुसण्याच्या अलीकडे उभी आहे. पत्र भिंतीला टेकवून लिहिलं, म्हणून ओळी वर गेल्या आहेत. अक्षरावरून काही बोलू नकोस.

तुझ्या दारात पाय ठेवणार नाही, असं मी म्हटलं होतं. बोलावलंस तर ठेवेन. डावा आधी, त्याचा मान आहे. पण त्याआधी माझं ऐक. बंद पण ऐसपैस बूट घाल, अंगठ्याला लागणार नाहीत असे. आपण त्या कुंड्यांपर्यंत उतरून परत येऊ. तू पुढे, मी मागे. तू थांबलीस की मी थांबेन, आणि कुणी बघितलं तर बघू दे. मी त्यांच्याकडे अशी बघेन की ते स्वतःच दुकानं शोधतील.

आतून तुझी चप्पल वाजली. ऐकू येतं मला, सांगितलं होतं ना.

घाई करू नकोस, शेपूट. सावकाश ये.

मी थांबलेय.

ताई